ब्रॉड स्ट्रीट, नंबर पाच

थॉमस डाउनिंग १० एप्रिल १८६६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला आणि त्याच्या मानार्थ शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने कामकाज बंद ठेवलं. जहाजमालक, आयातदार, बँकवाले यांची ही संस्था, उठसूट कुणासाठी दार लावून घेणारी नव्हे. डाउनिंगचा धंदा कालवं विकण्याचा होता आणि तो काळा होता. आदल्याच दिवशी, ९ एप्रिलला, अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार मोडून नागरी हक्क कायदा संमत केला होता. अमेरिकेत जन्मलेली काळी माणसं अमेरिकेची नागरिक आहेत, हे संघराज्याच्या कायद्यात तेव्हा पहिल्यांदा लिहिलं गेलं. नऊ वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात याच्या नेमकं उलटं सांगितलं होतं. तेव्हा पंचाहत्तरीच्या डाउनिंगच्या वाट्याला या कायद्याचं नागरिकत्व आलं ते एका दिवसापुरतं.

अमेरिकेतल्या ऑयस्टर बारचा, म्हणजे कालवं खायच्या जागांचा, इतिहास सांगताना त्याचं नाव बहुधा एका वाक्यात उरकतात: कोंदट तळघरातल्या कालवांच्या धंद्याला झुंबरं आणि गालिचे लावून प्रतिष्ठा देणारा माणूस. हे खोटं नाही. पण झुंबर पैसे टाकले की कुणालाही आणता येतं, आणि त्याच्या नंतर अनेकांनी ते आणलंही. या प्रकरणात मला शोधायचंय ते दुसरंच. कच्चा खायचा, उघडेपर्यंत आत काय आहे ते न कळणारा आणि खराब निघाला तर माणसाला आडवा करणारा माल विकताना डाउनिंगने विश्वास नेमका कुठे आणि कसा कमावला? आणि शेअर दलालांपासून होडीच्या तांडेलापर्यंत सगळ्यांनी त्याच्यावर टाकलेला हा विश्वास त्याच्या दुकानाबाहेर कुठपर्यंत चालला?

माल

हडसन नदीचं गोडं पाणी न्यूयॉर्कच्या उपसागरात समुद्राच्या पाण्याला मिळतं. अशा मचूळ पाण्यात पूर्व किनाऱ्याचं कालव जोमाने वाढतं. युरोपियन येण्याआधी तिथे राहणाऱ्या लेनापी लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग किनाऱ्यावर जागोजाग होते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आज ज्या बेटावर आहे ते आणि शेजारचं एलिस आयलंड यांची वसाहतकाळातली नावंच मोठं आणि छोटं ऑयस्टर बेट अशी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये हमाल आणि हमालाला कामावर ठेवणारा शेठ एकच पदार्थ खायचे, असा बहुतेक हा एकच पदार्थ असेल.

कोकणातल्या वाचकाला कालवं नवी नाहीत. ओहोटीला खडकावरून काढायची, मांस सोडवायचं, वाटण लावून सुकं करायचं नाहीतर आमटी. पण आपल्याकडे ती शिजतात, आणि चूल पुष्कळशा चुका पोटात घालते. न्यूयॉर्कच्या काउंटरवर कालव जिवंत उघडलं जाई. जाड, आखूड पात्याची बोथटशी सुरी शिंपल्याच्या बिजागरीत रुतवायची, मनगट फिरवून वरचं कवच सैल करायचं, कवचाला आतून चिकटलेला स्नायू कापायचा, आणि हे सगळं आतलं खारट पाणी न सांडता. वरचं कवच टाकायचं, खालच्यात कालव तसंच ठेवून गिऱ्हाइकापुढे सरकवायचं. ते मेलेलं, कोरडं किंवा वास मारणारं निघालं तर उघडणाऱ्याला कळतं, खाणाऱ्याला बऱ्याचदा गिळल्यावर. आणि खाडीच्या घाण पाण्यातून आलेलं असेल तर दोघांनाही काही कळत नाही. कालव पाणी गाळून त्यातलं खाद्य घेतं, तेव्हा पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात असतं.

थंडीत मात्र हा माल व्यापाऱ्याच्या सोयीचा. कवच घट्ट मिटून कालव पाण्याबाहेर कितीतरी दिवस जिवंत राहतं, त्यामुळे पिंपात भरून लांबवर धाडता येतं. उन्हाळ्यात ते अंडी घालतं, अंगाने उतरतं, दुधाळ होतं, आणि उष्म्यात टिकतही नाही. न्यूयॉर्कने १७१५ मध्येच उन्हाळ्यात कालवं काढण्याला बंदी केली होती. कारण सरळ होतं, वाढीच्या हंगामात ती उपसली की पुढच्या वर्षी मिळत नाहीत. तरी व्हायचं ते झालंच. डाउनिंग शहरात आला त्या सुमाराला स्टेटन आयलंडभोवतीचे नैसर्गिक थर उपसून संपत आले होते, आणि दक्षिणेच्या चेसापीक उपसागरातून पिल्लं जहाजाने आणून न्यूयॉर्कच्या पाण्यात पेरायला सुरुवात होत होती. न्यूयॉर्कचं म्हणून मिरवणारं पुष्कळसं कालव जन्माने व्हर्जिनियाचं असायचं.

डाउनिंगही व्हर्जिनियाचाच.

तळघरं

१७९१ मध्ये चिंकोटीग या बेटाळ भागात त्याचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. मेथडिस्ट पंथाच्या शिकवणुकीमुळे त्यांच्या मालकाने गुलाम मोकळे केले होते. पोराने लहानपणी मासे धरले, चिखलातून शिंपले काढले, कालवं ओढली. १८१२ च्या युद्धाच्या काळात तो उत्तरेकडे निघाला, काही वर्षं फिलाडेल्फियात राहिला, तिथे लग्न केलं, आणि १८१९ मध्ये न्यूयॉर्कला आला. एक छोटी होडी मिळवली. रोज हडसन ओलांडून न्यू जर्सीच्या बाजूच्या थरांवर जायचं, लांब दांड्यांच्या, टोकाला लोखंडी दाते असलेल्या पंजाने कालवं वर ओढायची आणि शहरात आणून विकायची. त्या वेळी हे काम करणाऱ्यांत काळी माणसं पुष्कळ होती. कष्टाचं, ओलं, थंडीचं काम. गोऱ्या मजुरांनी त्यासाठी फारशी झुंबड केली नाही.

शहरात कालवं खायची जागा म्हणजे ऑयस्टर सेलर, शब्दशः तळघर. तळघरात का, तर बर्फ महाग होता आणि जमिनीखाली गारवा फुकट होता. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरायच्या. दाराशी तारेच्या सांगाड्यावर लाल कापड ताणून आत मेणबत्ती लावलेला गोळा टांगलेला असे. तो लाल उजेड दिसला की खाली कालवं मिळतात हे अडाण्यालाही कळे. कनाल स्ट्रीटच्या तळघरांची एक पद्धत होती: सहा सेंट द्या आणि पोट भरेस्तोवर खा. फारच हावरट गिऱ्हाईक आलं तर मालक हळूच एखादं बिघडलेलं कालव पुढे सरकवतो, म्हणजे भूक आपोआप मिटते, असाही एक किस्सा या तळघरांबद्दल सांगतात. खरा असो नसो, अशा धंद्याबद्दल लोक काय मानत होते ते त्यातून समजतं.

आत दारू, पत्ते, पडद्याआडच्या खोल्या. घरंदाज बाई तिथे पाऊल टाकत नसे, आणि पुरुष टाकत ते सांगत नसत.

१८२५ मध्ये डाउनिंगने तळघर उघडलं ते कनाल स्ट्रीटवर नाही, तर ब्रॉड स्ट्रीटच्या पाच नंबरात. ही निवड नीट पाहायला हवी. ब्रॉड स्ट्रीट वरच्या टोकाला वॉल स्ट्रीटला भिडतो. बँका, विमा कंपन्या, व्यापाऱ्यांचा बाजार, जकात कचेरी, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, सगळं पाच मिनिटांच्या चालीवर. त्याच वर्षी ईरी कालवा, म्हणजे बोटींचा जलमार्ग, पूर्ण झाला आणि पश्चिमेकडचं धान्य न्यूयॉर्कच्या धक्क्यावर येऊ लागलं. म्हणजे ज्यांच्या खिशात पैसा वाढणार होता आणि दुपारी घरी जेवायला जायला ज्यांना वेळ उरणार नव्हता, अशा माणसांच्या कचेऱ्यांखाली त्याने दुकान थाटलं. प्रसिद्ध उपाहारगृह डेलमोनिकोज त्यानंतर दोन वर्षांनी जवळच निघालं, आणि तेही आधी नुसतं कॉफी-केकचं दुकान होतं.

मोक्याची जागा हेरायला डोकं लागतं, पण जागा दुसऱ्यालाही भाड्याने मिळू शकली असती. पुढचं दुसऱ्याला जमलं नसतं.

पहाट

त्याची खरेदी कशी चाले याची हकिगत त्याचा मुलगा जॉर्ज याच्यामुळे आपल्यापर्यंत आली आहे. त्याने १८८७ मध्ये वडिलांचं एक छोटं चरित्र एका चर्चच्या नियतकालिकात छापलं. मुलाने लिहिलेलं आहे, तेव्हा थोडं सावधपणे वाचावं. पण धंद्याचे तपशील इतके बारीक आहेत की ते कल्पनेने सुचणारे नाहीत.

कालवांनी भरलेल्या शिडाच्या होड्या रात्री बंदराकडे यायच्या आणि सकाळी धक्क्यावर त्यांचा लिलाव व्हायचा. धक्क्यावर उभं राहून बोली लावणाऱ्याला ढीग वरून दिसतो. खालचा माल कसा, किती मेलेलं, किती बारीक, हे नंतर कळतं. डाउनिंग अंधारातच कंदील घेऊन आपली होडी वल्हवत बाहेर पडायचा. येणाऱ्या होड्या पाण्यातच गाठायचा, वर चढायचा, कंदिलाच्या उजेडात माल खालीवर करून पाहायचा आणि त्यातला उत्तम भाग तिथल्या तिथे विकत घ्यायचा. मग धक्क्यावर परतायचा आणि उरलेल्या मालाच्या लिलावात इतरांबरोबर उभा राहून बोली चढवायचा. होडीवाल्यांना त्यामुळे उरलेल्या मालालाही चढा भाव मिळे.

या दुसऱ्या भागाशी थांबायला हवं, कारण प्रकरणाची किल्ली इथे आहे. उत्तम माल हातात पडल्यावर साध्या व्यापाऱ्याने घरचा रस्ता धरला असता. डाउनिंग धक्क्यावर थांबे आणि ज्या मालाची त्याला गरज नाही त्याचा भाव वाढवून ठेवे. एक तर यामुळे त्याच्या स्पर्धकांचा माल महाग होई, म्हणजे सहा सेंटांत पोटभर विकणाऱ्याचा नफा कमी होई. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं: होडीवाल्यांना कळून चुकलं होतं की या माणसाला आधी चांगला ढीग दाखवला तर उरलेल्या ढिगाचंही तो बघतो. मग पुढच्या वेळी ते त्याच्यापासून काय लपवतील? कुठल्या थरावर माल भरलाय, कुठे पातळ झालाय, कोणत्या खाडीचं पाणी बिघडलंय, ही माहिती त्याला धक्का उठण्याआधी मिळत असणार. असणार म्हणतो, कारण याची नोंद नाही. पण बारा महिने होड्यांवर चढणाऱ्या आणि स्वतः वल्ही मारत, पंजा ओढत वर आलेल्या माणसाला ती मिळाली नसती तरच नवल.

वॉल स्ट्रीटच्या भाषेत याला काय म्हणतात ते त्याच्या गिऱ्हाइकांना चांगलं ठाऊक होतं. बाजार उघडण्याआधी भाव कळणं यावर त्यांचीही घरं चालत होती. फरक इतका की डाउनिंगने त्या माहितीची किंमत माहिती देणाऱ्याला रोखीत चुकवली.

म्हणून झुंबरांना मी दुसरा क्रमांक देतो. झुंबराखाली बसलेल्या बँकरला आपल्या पुढचं कालव कुठून आलं हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरज नव्हती. ते माहीत असलेला माणूस समोर उभा होता.

टेबल

दुसऱ्या क्रमांकाचं असलं तरी झुंबर फुकट नव्हतं. दहा वर्षांत धंदा इतका वाढला की १८३५ च्या सुमारास शेजारच्या तीन आणि सात नंबरची तळघरंही त्याने जोडून घेतली. आरशांच्या कमानी, जाड नक्षीदार पडदे, सोनेरी मुलाम्याचं कोरीवकाम, पायाखाली गालिचा आणि गॅसवर जळणारी झुंबरं. शहरातला गॅसचा दिवा त्या वेळी नवलाईचा होता. लाल कापडाच्या गोळ्यातली मेणबत्ती आणि हा उजेड यांत नुसत्या वातींचा फरक नव्हता. लख्ख उजेडात बसलेला माणूस लपायला आलेला नसतो. नवऱ्याबरोबर बायको, वडिलांबरोबर मुलगी तळघरात उतरून जेवू शकते, हे न्यूयॉर्कला या जागेने दाखवलं.

पदार्थांची यादीही कनाल स्ट्रीटची नव्हती. कच्ची आणि शेकलेली कालवं होतीच, शिवाय पावाच्या चुऱ्यात थर लावून भाजलेली कालवं, 'पाय' म्हणजे पिठाच्या आवरणात भाजलेली कालवं, कालवांच्या सॉसमधला मासा, कालवं भरून शिजवलेली टर्की. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कालवांच्या बरण्या तो परदेशीही धाडायचा. राणी व्हिक्टोरियाला त्याची कालवं पोचली आणि तिच्याकडून सोन्याचं घड्याळ आलं, ही गोष्ट घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि जवळजवळ प्रत्येक चरित्रकाराने उचलली. मला घड्याळापेक्षा बरण्यांचं अप्रूप आहे. काउंटरवरचा माल त्याच दिवशी संपवावा लागतो. बरणीतला माल पत्ता लिहून कुठेही जातो, आणि बरणीवरचं नाव ती उघडणाऱ्याच्या नजरेपुढे असतं.

१४ फेब्रुवारी १८४२ रोजी पार्क थिएटरमध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या स्वागतासाठी शहराने मोठा समारंभ केला. हजारोंनी लोक आले. खाण्यापिण्याचा ठेका डाउनिंगकडे होता, आणि त्याला २,२०० डॉलर मिळाले. शहराच्या उच्चभ्रूंनी आपली अब्रू ज्या पाहुण्यापुढे पणाला लावली होती, त्याच्या ताटाची जबाबदारी त्यांनी या माणसाला दिली. काँग्रेसचे सभासद, दलाल, संपादक, जकातीचे अधिकारी हे रोजचं गिऱ्हाईक. अमेरिकन राजकारणातले किती सौदे त्या तळघरात कालवांवर लिंबू पिळताना ठरले असतील, याचा हिशोब कुणीच ठेवलेला नाही.

पत

१६ डिसेंबर १८३५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या व्यापारी भागाला आग लागली. थंडी इतकी कडाक्याची की नळ गोठले, नदीवर बर्फाचा थर धरला, बंबांच्या नळ्यांत पाणी घट्ट झालं. शेकडो इमारती जळाल्या, व्यापाऱ्यांचा बाजार कोसळला. त्या रात्रीच्या हकिगतींत एक चमत्कारिक तपशील येतो: 'जर्नल ऑफ कॉमर्स' या वर्तमानपत्राची कचेरी वाचवायला पाणी नव्हतं तेव्हा डाउनिंगच्या आवारातली व्हिनेगरची पिंपं फोडून ते आगीवर मारलं गेलं. कालवं मुरवायला ठेवलेलं व्हिनेगर.

पैशाच्या बाबतीतही तसंच. 'हेरल्ड'चा मालक-संपादक जेम्स गॉर्डन बेनेट अडचणीत असताना डाउनिंगने त्याला दहा हजार डॉलर उसने दिले, असं सांगितलं जातं. 'हेरल्ड' हे गुलामगिरीविरोधी चळवळीची यथेच्छ टर उडवणारं पत्र. रक्कम थोडी इकडेतिकडे धरली तरी काळ्या कालववाल्याने अशा संपादकाला तारावं ही गोष्ट लोकांना सहज पटण्यासारखी वाटली, यातच बाजारातली त्याची पत दिसते.

त्याच काळात त्याच तळघरात आणखी एक व्यवहार चालू होता. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना डाउनिंगच्या जागेत आसरा मिळे आणि पुढे उत्तरेला, कॅनडाच्या दिशेने त्यांची रवानगी होई. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली, तरी पळालेल्यांना पकडून परत नेणारे शहरात उघड फिरत, आणि कापसाच्या व्यापारावर गब्बर झालेले अनेक जण डाउनिंगच्या टेबलांवर जेवत. जो मालक कापूस विकत घेणाऱ्याला कालवं वाढत होता तोच कापूस वेचायचं नाकारून पळालेल्याला जिन्याखाली लपवत होता. धाडस तर झालंच. पण मी व्यवहाराच्या बाजूने पाहतो: एवढ्या वर्दळीच्या, पहाटे होड्या आणि पिंपं ये-जा करणाऱ्या, नोकरचाकर बहुतेक काळे असलेल्या जागेत आणखी एक काळा माणूस कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. धंद्याची धांदल हीच आडोशाची भिंत.

गाडी

आता दुसरा प्रश्न. हा विश्वास दुकानाबाहेर किती चालला?

१८४० च्या आगेमागे डाउनिंग हार्लेम रेलरोडच्या गाडीत बसला आणि कंपनीच्या माणसांनी त्याला मारहाण केली. काळ्यांनी त्या डब्यात बसायचं नाही, एवढंच कारण. ज्या गाड्यांनी त्याचं गिऱ्हाईक घरी जात होतं, त्यात मालकाला जागा नव्हती. गाड्यांचा हा प्रश्न न्यायालयात सुटायला सुरुवात झाली ती एलिझाबेथ जेनिंग्ज या काळ्या शिक्षिकेमुळे. १८५४ मध्ये तिला थर्ड अव्हेन्यूच्या गाडीतून ओढून बाहेर काढलं, तिने दावा लावला आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये जिंकला. तिचा तरुण वकील चेस्टर आर्थर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. जेनिंग्जकडे ना झुंबरं होती ना वॉल स्ट्रीटची ओळख.

मतदानाचंही तेच. १८२१ च्या राज्यघटनेनंतर न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट हळूहळू उठली, पण काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता हवी. डाउनिंगकडे ती होती, तरीही ती अट उठावी म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज, सभा, चळवळी करत राहिला. १८३६ मध्ये शहरातल्या काळ्या नागरिकांची गुलामगिरीविरोधी संघटना उभी करणाऱ्यांत तो होता, आणि काळ्या मुलांच्या शाळांसाठी त्याने वेळ आणि पैसा दोन्ही दिला.

आणि त्याच्या टेबलांवर बसणारे गोरे होते. या धंद्याचं हे सगळ्यात अवघड पान आहे, आणि चरित्रं लिहिणारे ते भराभर उलटतात. काळ्या गिऱ्हाइकाला त्याने टेबल दिलं असतं तर ब्रॉड स्ट्रीट आठवड्यात रिकामा झाला असता, हे तर उघड आहे. मी त्याला दोष देत नाही. पण 'प्रतिष्ठा' हा शब्द या प्रकरणात सरसकट वापरला जातो तेव्हा विचारावंसं वाटतं: प्रतिष्ठा कुणाला मिळाली? कालवाला मिळाली, तळघराला मिळाली, त्या तळघरात उतरणाऱ्या गोऱ्या बाईला मिळाली. मालकाला ती मिळाली काउंटरच्या आत उभा असेपर्यंत. पायऱ्या चढून रस्त्यावर आला की ती उतरलेली असे. त्याने दुकानातून कमावलेला पैसा आणि ओळखी चळवळीत लावल्या, पण दुकान हे चळवळीचं हत्यार होऊ शकेल असा भ्रम त्याने ठेवलेला दिसत नाही. दोन्ही कामं त्याने वेगवेगळ्या मजल्यांवर चालवली.

मुलगा जॉर्ज वेगळ्या वाटेने गेला. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला, म्हणजे श्रीमंतांच्या समुद्रकाठच्या विश्रांतीच्या गावी, त्याने मोठं हॉटेल काढलं. १८६० मध्ये कुणीतरी ते पेटवून दिलं. त्याने त्या राज्यातल्या शाळांमधला वर्णभेद उठवण्यासाठी लढा दिला आणि १८६६ मध्ये तो उठला. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला गुलामगिरीविरोधी चळवळीतले काळे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांच्यासह तो काळ्या नागरिकांच्या शिष्टमंडळातून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना भेटला आणि मताचा हक्क मागितला. जॉन्सन यांनी साफ नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाचं उपाहारगृहही चालवायला जॉर्जकडे आलं. बापाने आमदार-खासदारांना तळघरात बोलावून खाऊ घातलं. मुलगा त्यांच्याच इमारतीत जाऊन बसला.

नंतर

डाउनिंगची पद्धत त्याच्या पश्चात का टिकली नाही, याचं उत्तर बंदराच्या पाण्यात आहे. होडीवर चढून माल पारखणाऱ्या माणसाला मेलेलं कालव ओळखता येतं, पण विषमज्वराचे जंतू ओळखता येत नाहीत. शहर वाढलं, गटारं थेट नदीत सुटली आणि एकेक थर निकामी होत गेला. स्टेटन आयलंडवर सँडी ग्राउंड नावाची वस्ती आहे; मेरीलँडहून आलेल्या मुक्त काळ्या कालववाल्यांनी ती भरभराटीला आणली होती. १९१६ मध्ये आरोग्य खात्याने तिथल्या पाण्यातली कालवं बंद केली आणि त्या वस्तीचा धंदा बसला. १९२७ पर्यंत न्यूयॉर्क बंदरातले उरलेसुरले थरही बंद झाले.

मधे १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन इथे विषमज्वराची साथ आली. सुमारे १,५०० लोक आजारी पडले, सुमारे १५० मेले, आणि माग काढता काढता तपास लाँग आयलंडच्या कालवांपाशी पोचला. देशभरात कालवांचा खप कोसळला. व्यापारी स्वतःच सरकारकडे गेले, आम्हाला नियम घाला म्हणून. धंदेवाल्यांनी नियम मागितल्याची उदाहरणं थोडी, त्यातलं हे एक. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली आणि त्यातून आजची पद्धत निघाली: पाण्याची तपासणी राज्याने करायची, व्यापाऱ्याला परवाना क्रमांक द्यायचा, आणि कालवांच्या प्रत्येक पोत्याला टॅग लावायचा. टॅगवर काढणाऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा क्रमांक, कुठल्या पाण्यातून काढली ती जागा, कुठल्या दिवशी. आज अमेरिकेतल्या कुठल्याही ऑयस्टर बारला पोत्यातलं शेवटचं कालव विकल्यावरही तो टॅग नव्वद दिवस जपून ठेवावा लागतो. कुणी आजारी पडलं तर त्या कागदावरून खाडीच्या नेमक्या तुकड्यापर्यंत मागे जाता येतं.

डाउनिंगच्या डोक्यात असलेली माहिती अशी पुठ्ठ्यावर आली. तिच्यातून जंतू सापडतात, हा मोठाच फायदा. मात्र उरलेल्या ढिगाचा भाव चढवून होडीवाल्याला आपलंसं करणारं त्यात काही नाही.

न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांतून गोळा केलेली रिकामी कवचं धुऊन, वाळवून, त्यांच्यावर पिल्लं बसवून बंदरात पुन्हा थर उभारण्याचं काम बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट २०१४ पासून करतंय. २०३५ पर्यंत एक अब्ज कालवांचं लक्ष्य आहे. कालवं पाणी गाळतात, कवचांचे थर लाटांचा जोर मोडतात, त्यांच्या सांदीत मासे वाढतात. शहराच्या जुन्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी अजून एकाच गटारातून वाहतं, आणि मोठा पाऊस झाला की ते सगळं बंदरात जातं. त्यामुळे ही नवी कालवं खायला मनाई आहे. मॅनहॅटनच्या ऑयस्टर बारमध्ये आज कालवं येतात ती लाँग आयलंडच्या दूरच्या टोकाकडून, मॅसॅच्युसेट्सहून, मेनहून, प्रशांत किनाऱ्याहून, आणि चेसापीकच्या बाजूने व्हर्जिनियाहून.